फर्नेस बंद पडला तर: दुरुस्तीचा खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या आपल्या मंडळींचा दर जानेवारीत तोच फोन येतो. घर गार पडलंय, टेक्निशियन येऊन गेला, नवीनच बसवा म्हणतो, सात हजार डॉलर सांगतो, काय करू? बऱ्याचदा तोवर सहीसुद्धा झालेली असते. घोळ क्रमाचा असतो. आधी होकार, मग निदान आणि वॉरंटीचा कागद सगळ्यात शेवटी, असं उलटं चालतं. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे.

इथे फक्त गॅसवर चालणाऱ्या, डक्टमधून गरम हवा खेळवणाऱ्या फर्नेसबद्दल लिहितोय. आकडे अमेरिकी डॉलरमधले आणि ढोबळ आहेत. न्यूयॉर्क-न्यू जर्सी किंवा बे एरियात ते वरच्या टोकाला जातात.

## आधी बिल कसं बनतं ते समजून घ्या

बिलात तीन गोष्टी असतात: घरी येऊन निदान करण्याचे पैसे (साधारण ७५ ते २००), सुटा भाग आणि मजुरी. रात्री, रविवारी किंवा सणाच्या दिवशी बोलावलं तर त्यावर जादा आकार लागतो.

बहुतेक कंपन्या तासाच्या हिशेबाने पैसे लावत नाहीत. प्रत्येक कामाचा ठरलेला दर त्यांच्या टॅब्लेटवर असतो. त्यामुळे ऑनलाइन तीस डॉलरला दिसणारा इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) बसवून घेताना तीनशे पडतो. त्यात गाडी, विमा, लायसन्स, सामानाचा साठा आणि कामाची हमी धरलेली असते, म्हणून एवढ्यावरून कोणाला लुटारू ठरवू नका. मोठं नुकसान होतं ते दोन ठिकाणी: भलताच भाग बदलला जातो तेव्हा, आणि दुरुस्त होणारा फर्नेस फेकला जातो तेव्हा.

## पायरी १: आधी जीव, मग फर्नेस

कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला किंवा गॅस कंपनीला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तरी हेच. अलार्म शांत आहे, पण घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तरीही हेच. या वायूला वास नसतो.

सावधान: गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर गरम करू नका. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात, अगदी गराजमध्येही पेटवू नका. गावाकडच्या कौलारू घरात शेगडीचा धूर फटीफटींतून निघून जायचा. इथली घरं वारा शिरू नये म्हणून बांधलेली असतात.

तपासा: प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड अलार्म आहे का? त्याच्या मागे मुदत छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर हिरवा दिवा दिसत असला तरी तो अलार्म बदलायचा.

## पायरी २: हात लावण्याआधी बघा आणि ऐका

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. फर्नेस बंद दिसला की पहिलं काम म्हणजे स्विच बंद करून पुन्हा चालू करणं. पण फर्नेसच्या आतल्या सर्किट बोर्डावर एक छोटा दिवा असतो. ठरावीक वेळा लुकलुकून तो बिघाडाचा कोड सांगतो. वीज गेली की काही बोर्डांवरचा कोड पुसला जातो. खालचं झाकण काढलं तरी वीज जातेच, कारण झाकणामागे सेफ्टी स्विच असतो.

म्हणून आधी झाकणावरच्या छोट्या काचेतून किंवा भोकातून त्या दिव्याचा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. मग कोणाला तरी थर्मोस्टॅट वाढवायला सांगा, आणि तुम्ही बेसमेंटमध्ये उभं राहून ऐका. धडधाकट फर्नेसचा क्रम असा असतो:

१. थर्मोस्टॅटची "टक".
२. एका छोट्या पंख्याची घुरघुर. हा इन्ड्युसर. तो जळलेला वायू बाहेर ओढतो. तो ओढतोय याची खात्री प्रेशर स्विच करतो.
३. इग्नायटर नारिंगी तापतो.
४. गॅस व्हॉल्व्ह उघडल्याची टक, आणि "भप्प" करून निळ्या ज्वाळा.
५. फ्लेम सेन्सर ज्वाळा असल्याची खूण बोर्डाला देतो.
६. साधारण अर्ध्या ते एका मिनिटात मोठा ब्लोअर सुरू होऊन घरात गरम हवा येते.

क्रम कुठे तुटतो, त्यावरून बिघाडाची जागा कळते. काहीच आवाज नाही: वीज, थर्मोस्टॅट किंवा बोर्डावरचा फ्यूज. इन्ड्युसर फिरतोय, पण इग्नायटर तापत नाही: बाहेरचा पाइप तुंबला असेल, प्रेशर स्विच पुढचं सर्किट जोडत नसेल किंवा इग्नायटर तडकला असेल. इग्नायटर तापतो, पण ज्वाळा नाही: गॅस येत नाही किंवा व्हॉल्व्ह उघडत नाही. ज्वाळा पेटून चार-पाच सेकंदांत विझते: बहुधा फ्लेम सेन्सरवर पुटं चढली आहेत. ज्वाळा टिकते, पण ब्लोअर फिरत नाही: कॅपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा भाग) किंवा मोटर. पाच-दहा मिनिटं चालून ज्वाळा विझते आणि पंखा मात्र फिरत राहतो: हवा अडली आहे. आत उष्णता कोंडल्यामुळे लिमिट स्विचने बर्नर बंद केलाय. तिथे आधी फिल्टर बघा.

हा क्रम मला महाग पडून समजला. इथल्या पहिल्या हिवाळ्यात, हिमवादळाच्या रात्री, मी घाबरून पाच वेळा स्विच बंद-चालू केला. टेक्निशियन आला तेव्हा कोड पुसलेला होता. त्याने इन्ड्युसर मोटर बदलायची म्हणून ८५० डॉलर सांगितले, आणि भाग दुसऱ्या दिवशी मिळेल म्हणाला. सकाळी घराच्या बाजूचा बर्फ काढताना पांढऱ्या पाइपाचं तोंड हाताला लागलं. ते बर्फाने बुजलं होतं. मोकळं केलं आणि फर्नेस सुरू झाला. मोटर ठणठणीत होती. तीच मोटर पुढे सहा हिवाळे चालली.

## पायरी ३: दहा मिनिटांची घरची तपासणी

कोड टिपून झाला, आता हात लावा. क्रम असाच ठेवा.

थर्मोस्टॅट. "हीट"वर आहे का, आणि खोलीच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश वर लावलाय का? पडदा कोरा असेल तर सेल बदला. शिवाय, थर्मोस्टॅट ८५ अंश फॅरनहाइटवर नेला तरी घर लवकर तापत नाही. साध्या फर्नेसची तापवायची गती एकच असते.

वीज. फर्नेसच्या अंगाला किंवा बेसमेंटच्या जिन्यापाशी दिव्याच्या बटणासारखाच दिसणारा एक स्विच असतो. खोकी ठेवताना तो हमखास बंद होतो. मग ब्रेकर बघा. झाकण नीट बसलंय ना, तेही बघा.

फिल्टर. उजेडासमोर धरा. उजेड पलीकडे दिसत नसेल तर तो गेला. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो. आपल्या घरात रोज फोडणी, तळण, उदबत्ती आणि निरांजन असतं, त्यामुळे मी तीन महिन्यांची वाट बघत नाही. दिवाळीच्या फराळानंतर आमचा फिल्टर काढला तर त्यावर करड्या घोंगडीसारखा तेलकट थर असतो. नव्या फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या दिशेने असला पाहिजे. आणि सगळ्यात बारीक जाळीचा महागडा फिल्टर म्हणजे सगळ्यात चांगला, असं नाही. जाळी किती बारीक ते मर्व्हच्या आकड्यावरून कळतं. एक इंची जाडीत मर्व्ह १३ घातला तर काही फर्नेसना हवा ओढणंच जड जातं. मर्व्ह ८ ते ११ बहुतेक घरांना पुरतो.

हवेचे मार्ग. परत हवा ओढणाऱ्या मोठ्या जाळीसमोर चपलांचा स्टँड, सतरंजी किंवा देव्हारा आलाय का? वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट (गरम हवा येणाऱ्या जाळ्या) बंद करून गॅस वाचतो, असा समज आपल्याकडे फार आहे. बरेच व्हेंट बंद केले की हवा अडते आणि फर्नेस आतल्या आत तापून बंद पडतो.

बाहेरचे पाइप. जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसना भिंतीतून बाहेर येणारे पांढरे पीव्हीसी पाइप असतात. त्यांच्या तोंडावरचा बर्फ, पानं, घरटं हाताने काढा. फावडं मारू नका, पाइप तडकतो.

पाणी. याच प्रकारच्या फर्नेसमधून पाणी ठिबकत असतं. ते वाहून नेणारी नळी तुंबली किंवा पंप भरला की फर्नेस बंद पडतो.

गॅस. स्वयंपाकाची शेगडी पेटते का? फर्नेसकडे जाणाऱ्या पाइपावरची मूठ पाइपाला समांतर हवी. आडवी असेल तर गॅस बंद आहे.

आता स्विच बंद करा, एक मिनिट थांबा आणि एकदाच चालू करा.

सावधान: एकदाच म्हणजे एकदाच. काही प्रयत्नांनंतर फर्नेस स्वतःला कुलूप घालतो, ते सुरक्षेसाठी असतं. गॅस व्हॉल्व्ह, बर्नर आणि सेफ्टी स्विचच्या तारांना हात लावायचा नाही. इग्नायटरला बोटही लागू देऊ नका. तो ठिसूळ असतो, आणि बोटांच्या तेलाने तापताना तडकू शकतो.

## पायरी ४: फोन करण्याआधी कागद काढा

झाकणाच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर यांचा फोटो घ्या. उत्पादकाच्या वेबसाइटवर तो नंबर टाकला की वॉरंटी कळते. बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली असेल तर सुट्या भागांना साधारण १० वर्षं मिळतात, नाहीतर बहुधा ५. हीट एक्सचेंजरला (ज्वाळांची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) त्याहून बरीच जास्त, कधी २० वर्षं तर कधी आजन्म. मजुरी यात सहसा नसते. घर आधीच्या मालकाकडून घेतलं असेल तर वॉरंटी तुमच्या नावावर येते का, हे अटींमध्ये वाचा. दर कंपनीचा नियम वेगळा असतो.

घराची होम वॉरंटी (घरातली उपकरणं बिघडली तर दुरुस्त करून देणाऱ्या कंपनीशी केलेला करार) असेल तर पहिला फोन त्या कंपनीला करा. स्वतःहून दुसऱ्याकडून काम करून घेतलं आणि मग पैसे मागितले, तर ते बहुधा नाकारले जातात.

## पायरी ५: फोनवर काय बोलायचं

आधी ठरवा, आत्ताच बोलवायचं की सकाळी. घरात तान्हं बाळ, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल, किंवा बाहेर कडाका असेल, तर जादा आकार मोजून रात्रीच बोलवा. बाहेर गोठणबिंदूच्या बरंच वर असेल तर एका खोलीत विजेचा हीटर लावून रात्र काढता येते. हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. कडाक्याच्या थंडीत नळांची बारीक धार सोडा, आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. फुटलेल्या पाइपाचं पाणी फर्नेसच्या बिलाच्या कितीतरी पट नुकसान करतं.

विचारायचे प्रश्न: निदानाचे किती? दुरुस्ती केली तर ते वजा होतात का? आत्ता आलात तर जादा किती? लायसन्स आणि विमा आहे का? कामाची हमी किती दिवसांची?

आणि सांगायचं असं: "इन्ड्युसर फिरतो, इग्नायटर तापतो, ज्वाळा पेटते आणि चार सेकंदांत विझते. दिवा अमुक वेळा लुकलुकतो. फिल्टर नवा आहे. मॉडेल नंबर हा." एवढं कळलं की टेक्निशियन गाडीत योग्य भाग टाकून निघू शकतो, आणि दुसरी फेरी वाचते.

सावधान: "तसा जुनाच आहे, बदलायचा विचार आहे," असं फोनवर बोलू नका. दुरुस्ती करणाऱ्याऐवजी विक्री करणारा माणूस दारात उभा राहू शकतो. ४९ डॉलरच्या तपासणीच्या जाहिरातींचंही तेच. एवढ्या पैशात गाडीचा खर्चही निघत नाही, तो पुढच्या विक्रीतून काढायचा असतो.

## पायरी ६: टेक्निशियन घरात असताना

त्याच्याजवळ उभे राहा, पण कामात लुडबुड नको. निदान सांगितलं की एकच प्रश्न विचारा: "कशावरून ठरवलंत? रीडिंग दाखवाल का?" चांगला टेक्निशियन हे आनंदाने दाखवतो. कॅपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, मीटरवर तो बराच खाली आला असेल तर कॅपॅसिटर गेला. इग्नायटरचा रोध मोजता येतो. फ्लेम सेन्सरचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात, आणि पुटं घासून काढली की तो पुन्हा वाढतो. म्हणून सेन्सर बदलण्याआधी साफ करून बघितला का, हे विचाराच.

प्रेशर स्विचच्या बाबतीत जरा जास्त सावध राहा. तो स्वतः क्वचित बिघडतो. बहुतेक वेळा तो खरं तेच सांगत असतो: पाइप तुंबलाय, नळीत पाणी अडलंय किंवा इन्ड्युसर कमजोर झालाय. नुसता स्विच बदलला तर आठवड्याभरात तोच कोड परत येतो.

भाग, मजुरी धरून साधारण अंदाज असे:

- फ्लेम सेन्सर साफ करणं किंवा बदलणं: ८० ते २५०
- इग्नायटर: १५० ते ४००
- कॅपॅसिटर: १०० ते ३००
- प्रेशर स्विच: १५० ते ४००
- सर्किट बोर्ड: ३०० ते ९००
- गॅस व्हॉल्व्ह: ३०० ते ८००
- इन्ड्युसर मोटर: ४०० ते १,२००
- ब्लोअर मोटर: साधी ४०० ते ९००, वेग बदलणारी ७०० ते २,०००
- हीट एक्सचेंजर: १,५०० ते ३,५००

बोर्ड "गेला" असं सांगितलं तर त्यावरचा छोटा फ्यूज तपासला का, ते विचारा. तो गाडीत असतो तसला तीन किंवा पाच अँपिअरचा, काही डॉलरचा असतो. पण तो पुन्हा उडाला तर तार कुठेतरी घासतेय, आणि ती शोधणं हे खरं काम.

काम सुरू होण्याआधी लेखी इस्टिमेट घ्या: भागाचं नाव आणि नंबर, मजुरी, हमी. वॉरंटीत असेल तर भागाची रक्कम शून्य लिहिलेली हवी. काढलेला जुना भाग मागून घ्या. वॉरंटीसाठी तो परत पाठवायचा असेल तर फोटो काढून ठेवा.

आणि एक आपल्याच घरांत होणारी गोष्ट. भारतातून आलेले आई-बाबा दिवसा घरी एकटे असतात आणि टेक्निशियन तेव्हाच येतो. तो टॅब्लेट पुढे करतो, बाबा हजेरीची सही समजून बोट फिरवतात, आणि तो होकार ठरतो. त्यांना आधीच सांगून ठेवा: दार उघडा, पाणी विचारा, सही करायची वेळ आली की मला व्हिडिओ कॉल लावा.

## पायरी ७: दुरुस्त करायचा की बदलायचा

फर्नेस साधारण १५ ते २० वर्षं चालतो. धंद्यातला एक ठोकताळा असा: वय गुणिले दुरुस्तीचा खर्च ५,०००च्या वर गेला तर बदला. मला तो घाईचा वाटतो. १४ वर्षांच्या फर्नेसला ४०० डॉलरचा इग्नायटर सांगितला तर गुणाकार ५,६०० येतो, पण इग्नायटर हा झिजणारा भाग आहे. तो बदलून तोच फर्नेस आणखी काही वर्षं सहज चालेल. मी बदलायचा विचार करतो तो हीट एक्सचेंजर गेला आणि वॉरंटीही संपली तर, किंवा पंधराव्या वर्षानंतर मोठी मोटर आणि बोर्ड पाठोपाठ गेले तर.

"हीट एक्सचेंजरला तडा गेलाय" हे वाक्य ऐकलं की दोन गोष्टी एकाच वेळी करा. एक, फर्नेस बंद ठेवा, कारण तडा खरा असेल तर विषारी वायू घरात येऊ शकतो. दोन, पुरावा मागा: कॅमेऱ्याने काढलेला तड्याचा फोटो आणि कार्बन मोनॉक्साइडचं रीडिंग. मग दुसऱ्या कंपनीकडून निदान करून घ्या, आणि पहिल्याने काय सांगितलं ते त्यांना आधी सांगू नका. दीडशे डॉलर जातील, पण सात हजारांचा निर्णय त्यावर आहे.

टेक्निशियनने किंवा गॅस कंपनीने फर्नेसवर धोक्याचा लाल टॅग लावला तर स्वतः तो काढून चालू करू नका. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात धोका तात्काळ असेल तर ए टॅग लावून गॅस लगेच तोडतात. बी टॅगमध्ये दुरुस्तीला मुदत मिळते. टॅग कोणता आणि त्यावर कारण काय लिहिलंय, ते वाचा.

## पायरी ८: नवा घ्यायचाच असेल तर

तीन ठिकाणची इस्टिमेट घ्या. किती बीटीयूचा (उष्णता मोजायचं एकक) हवा हे जुन्याच्या पट्टीवरून न ठरवता घराचं गणित मांडून ठरवतात. या गणिताला मॅन्युअल जे म्हणतात, ते केलंत का, असं विचारा. गरजेपेक्षा मोठा फर्नेस सारखा चालू-बंद होतो आणि लवकर झिजतो.

८० टक्के कार्यक्षमतेवरून ९५ वर जाताना चिमणी सुटते, पीव्हीसी पाइप आणि पाण्याची नळी नव्याने टाकावी लागते. त्याच चिमणीत वॉटर हीटरचा पाइप असेल तर तो एकटा उरतो. त्याला चिमणी फार मोठी पडते, धूर नीट वर जात नाही, म्हणून आत लायनर, म्हणजे कमी रुंदीचा पाइप, घालावा लागतो. हे कोटेशनमध्ये नसेल तर काम अर्ध्यावर आलं की वाढीव बिल येतं.

परमिट (कामाची सरकारी परवानगी) कोण काढणार, ते लिहून घ्या. अमेरिकेत फर्नेसवर मिळणारी ६०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या उपकरणांना नाही. ती दाखवून कोणी किंमत कमी भासवत असेल तर थांबा. राज्याच्या आणि गॅस कंपनीच्या सवलती वेगळ्या असतात, त्या स्वतः तपासा.

विक्रेत्याने तुमच्या घरी येऊन केलेला करार अमेरिकेत सहसा तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. पण आणीबाणीची गरज म्हणून तुम्ही तो हक्क लेखी सोडलात तर नाही. तो कागद सह्यांच्या गठ्ठ्यात असतो, म्हणून प्रत्येक पान वाचा. ऑन्टारियोत १ मार्च २०१८ पासून तुम्ही न बोलावता दारावर येऊन फर्नेस विकायला किंवा भाड्याने द्यायला बंदी आहे. भाड्याचा करार घेणार असाल तर महिन्याच्या आकड्याला पूर्ण मुदतीने गुणा, आणि करार मध्येच मोडायचे किती हेही विचारा. घर विकताना हाच करार आडवा येतो.

बसवल्याच्या आठवड्यातच नोंदणी करा. "कंपनी करेल" यावर विसंबू नका.

## पायरी ९: डिसेंबरात भारतात जाण्याआधी

तीन-चार आठवडे घर बंद राहणार असेल तर थर्मोस्टॅट पूर्ण बंद करू नका, ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा. फायर स्प्रिंकलर किंवा गरम पाण्यावर चालणारी हीटिंग असेल तर आधी प्लंबरला विचारा. नवा फिल्टर घाला. तापमान खाली गेलं की फोनवर कळवणारा सेन्सर लावा, आणि एका शेजाऱ्याकडे किल्ली देऊन बर्फ पडला की बाहेरच्या पाइपाचं तोंड बघायला सांगा.

आमच्या फर्नेसच्या झाकणावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर फिल्टर बदलल्याच्या तारखा, आलेले कोड, कोणता भाग कधी आणि कितीला बदलला, बाहेरचा पाइप कोणत्या बाजूला आहे आणि गॅसची मूठ कुठे आहे, एवढं लिहिलंय. शेजाऱ्यासाठी इंग्रजीत आणि आई-बाबांसाठी मराठीत.